कर्जतच्या पुढची गाडी

बाबा, परवा मी रेल्वेने घाट चढले. कर्जत ते लोणावळा, सगळ्या बोगद्यांमधून, खिडकीजवळ बसून. हे आधीच सांगून टाकते, कारण तुला कुठल्याही गोष्टीत शेवटाची घाई. कुणी काही सांगायला लागलं की तू भाकरी थापता थापता मध्येच विचारायचास, "जगला का मेला, ता सांग पयला." तर सगळे जगले. आता बस जरा, बाकीचं मी माझ्या पद्धतीने सांगणार आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझ्याशी अजून 'तू'च येतं तोंडात. सासरी माझ्या या 'तू'वरून केवढा गहजब झाला होता. बापाला अरेतुरे करते म्हणून सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. मी म्हटलं, आमच्या गावात देवाला आणि बापाला असंच बोलावतात, आणि त्यांना राग येत नाही.

तुला देवधर्माचं तसं काही नव्हतंच. संकष्टीला तू चुलीवर सुके बोंबील भाजायचास आणि वर मला सांगायचास की गणपतीला वास आवडतो. आई गेली तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर त्या स्वयंपाकघरात तुझंच राज्य. ट्रक लावून यायचास, हातपाय धुवायचास, तांदळाचं पीठ परातीत घ्यायचास आणि तेलाच्या डागांच्या बनियनवर बसून भाकऱ्या थापायचास. एवढा आडमाप माणूस, पण भाकरी कशी नाजूक, गोल. माझ्या वेण्या मात्र तुला कधी जमल्या नाहीत. शाळेत बाई विचारायच्या, आज पण बाबांनी घातली वाटतं. नियम असा घरात एकच होता, कर्जतच्या पुढे रेल्वेत बसायचं नाही. कल्याणला जा, मुंबईला जा, कर्जतपर्यंतसुद्धा जा. घाट मात्र रस्त्याने चढायचा. शाळेची सहल लोणावळ्याला रेल्वेने निघाली तेव्हा सगळ्या वर्गात मी एकटी घरी होते. रडून डोळे सुजले माझे. तू त्या दिवशी गाडीचा खाडा करून मला ट्रकमध्ये बसवलंस आणि खंडाळ्याला नेऊन आणलंस, पण मैत्रिणींची मजा थोडीच ट्रकमध्ये येणार.

कारण विचारलं की तू भाकरी उलटायचास आणि तुझी ती गोष्ट सुरू व्हायची. की पनवेलच्या बंदरात मुंबईहून गलबतं लागायची, आणि पुण्याचा सगळा माल तिथून बैलगाड्यांवर चढायचा. आपल्या खापरपणज्याच्या गाड्या होत्या, खोपोलीपर्यंत आणि पुढे घाटावर. मग साहेबाला घाटात रेल्वे न्यायची हुक्की आली. रूळ यायचे बोटीतून, उतरायचे आपल्या बंदरात, आणि वर न्यायला पुन्हा आपल्याच गाड्या. दर चांगला होता म्हणून सगळे खूश. "आपलंच बैल, आपलीच गाडी, आन आपल्याच पोटावर पाय द्याला आमीच लोखंड वर न्हेला," असं म्हणताना तुझा आवाज चढायचा, जणू काही परवाच झालंय. रूळ पडले, गाडी सुरू झाली, माल कल्याणवरून परस्पर जायला लागला. बंदर ओस पडलं. बैल विकले, आणि आपली माणसं मिठागरात गेली. तेव्हापासून शपथ. ज्यांनी आपली चाकं मोडली त्यांच्या चाकावर बसून घाट चढायचा नाय. मग तू ट्रक घेतलास तेव्हा गावभर पेढे वाटले होतेस, आणि आत्याला म्हणाला होतास, घे, आपण परत चाकावर आलो. मला ती गोष्ट आवडायची, खोटं कशाला बोलू. लहानपणी घरात काहीतरी मोठं घडलंय असं वाटायचं. आपला राग इंग्रजापेक्षा मोठा आहे असं वाटायचं.

मग माझं पुण्याचं ते झालं. ते मला लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय परवाचं काही सांगताच येणार नाही. सातव्या महिन्यात अचानक कळा सुरू झाल्या, पहिलंच बाळंतपण, आणि सासूबाई गावाला. तुझ्या जावयाने गावातल्या वाण्याच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला. तू उलट फोन केलास आणि एवढंच म्हणालास, "आलो." मी त्या शब्दावर दिवस काढला. श्रावण होता, घाटात दरड कोसळली होती, रस्ता दोन्हीकडून बंद. मला ते ठाऊक होतं, पण मला हेही ठाऊक होतं की रेल्वे चालू आहे, कारण माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई कल्याणहून त्याच दिवशी येऊन पोचली होती. साडी निथळत होती तिची, पण पोचली. मुलगा झाला. फार लहान होता, बाबा, माझ्या हाताच्या ओंजळीएवढा. नर्स म्हणाली, आजीआजोबा कुणी असतील तर बोलवा, बघून जाऊ देत. मी म्हटलं, येतोय माझा बाप, वाटेत आहे. रात्रभर दाराकडे बघत होते. सकाळी तो गेला.

तू त्याच संध्याकाळी आलास. ट्रक खोपोलीला सोडून, पोलिसांनी रात्री अडवलं म्हणून पहाटे निघून, जुन्या वाटेने घाट पायी चढून. हे मला जावयाने सांगितलं, तू सांगितलं नाहीस. कंबरेपर्यंत चिखल, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि पाय अनवाणी. चप्पल एक दरडीच्या चिखलात रुतली म्हणून दुसरी फेकून दिलीस म्हणे. वॉर्डातली आया तुझ्यावर ओरडली, आजोबा, फरशी आत्ताच पुसलीय. आणि तू कुणाचंही कधी ऐकून न घेणारा माणूस, तिला "चुकला" म्हणालास आणि भिंतीला लागून उभा राहिलास. मी विचारलं, रेल्वे चालू होती ना. तू म्हणालास, व्हय. लोणावळ्याहून पुण्याला कसा आलास. तू म्हणालास, लोकलनी. मग कर्जतहून का नाही बसलास. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "आपल्यात नाय चालत." लोणावळ्यापासून पुढे घाट नाही, म्हणून तिथून रेल्वे चालते, आणि खाली घाट आहे म्हणून नातवाचं तोंड नाही बघितलं तरी चालतं. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यावर मी पुढे कधीच बोलले नाही. तू शेवटपर्यंत दर दिवाळीला करंज्यांचा डबा घेऊन ट्रकने येत राहिलास, मी गोड बोलून डबा घेत राहिले. लोक म्हणायचे, बापलेकीचं किती छान आहे. आत काय होतं ते तुला माहीत होतं आणि मला. एक प्रश्न माझ्यात कायमचा बसला, की दीडशे वर्षांपूर्वीच्या बैलांचा राग या माणसाला माझ्यापेक्षा जवळचा कसा. आणि गंमत बघ, राग तुझ्यावर धरला आणि नियम तुझाच पाळत राहिले. पुण्यात इतकी वर्षं संसार केला, पनवेलला येणंजाणं सगळं एसटीने. का, ते मला विचारू नकोस. जित्याची खोड.

आता परवाचं. माझी धाकटी, म्हणजे तुझी नात, जिला तू ट्रकच्या बॉनेटवर बसवून फोटो काढला होतास, ती पुण्यात असते. आम्ही दोघं आता पनवेलला परत आलोय. तिला बाळंतपणाला इकडे आणायचं म्हणून तुझा जावई गाडी घेऊन पुण्याला गेला होता. मी इथेच राहिले, कारण आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि ती माझ्याकडे आहे. हो, तुझी बहीण अजून आहे, ठणठणीत. कान गेलेत असं दाखवते, पण तिच्याबद्दल काही बोललं की सगळं ऐकू येतं. तर सकाळी फोन आला. आठवा महिना, दिवस भरायला अजून वेळ, आणि पोरीला कळा सुरू झाल्या. तिला हॉस्पिटलमध्ये नेलंय. ती फोनवर रडत होती, आई, तू ये. मला कुणी सांगायला नको होतं ती कशाला घाबरली होती. तिच्या आधीच्या भावाची गोष्ट तिला माहीत आहे.

मी पिशवी भरली आणि गाडी बोलावली, तर ड्रायव्हर म्हणाला, मावशी, आज विसरा. एक्स्प्रेस वेवर टँकर उलटलाय, रसायन सांडलंय, वाहतूक सगळी जुन्या रस्त्यावर ढकललीय आणि तोही जाम. न्हावा शेव्याचे कंटेनर खालापूरच्याही अलीकडेपर्यंत उभे होते. संध्याकाळच्या आत काही हलणार नाही म्हणाला. तुझ्या जावयाचा परत फोन. अगं, पनवेलवरून दुपारी पुण्याची गाडी आहे, ती पकड ना. आणि बाबा, माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? मी म्हटलं, आपल्यात नाही चालत. माझ्याच कानांनी ऐकलं मी.  तुझा जावई सहसा चिडत नाही, पण त्याने फोन ठेवून दिला. मी सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले.

आत्या समोर काळा चष्मा लावून बसलेली. म्हणाली, "काय नाय चालत?" मी म्हटलं, तुला नाही का माहीत, घाटात रेल्वे. ती म्हणाली, "कोन बोल्ला रेल्वे नाय चालत? चपला नाय चालत." मला वाटलं ऑपरेशनच्या औषधाने बरळतेय. मी म्हटलं, आत्या, आपली शपथ आहे, गाड्या बंद पडल्या म्हणून. तर ती हसलीच. म्हणाली, "ती बाप्यांची गोष्ट. बाप्ये सगलं धंद्यावर न्हेतात." आणि मग तिने मला सांगितलं, तिला तिच्या आजीने मिठागरावर सांगितलं होतं ते, जे आजीला तिच्या सासूने सांगितलं होतं.

दोन भाऊ होते, बाबा. तुला हे माहीत होतं का? मोठा तो आपला खापरपणजोबा, आणि त्याच्या पाठचा एक. दोघं मिळून गाडी हाकायचे. घाटात बोगद्याला सुरुंग लावायला, दगड वाहायला माणसं कमी पडत होती. धाकटा म्हणाला, तू खाली जाऊन दुसरी खेप आण, मी तोवर इथे मजुरी करतो, लगीन जवळ आलंय. लग्नासाठी त्याने नव्या वहाणा करून घेतल्या होत्या. कपच्यांवर चालून त्या फाटतील म्हणून त्याने त्या गाडीत गवताखाली ठेवल्या आणि पायांना फडकी गुंडाळून कामाला लागला. मोठा खाली आला, लोखंड भरलं, परत वर गेला. तर झोपड्या रिकाम्या. पटकीची साथ आली होती. किती गेले, कोण गेले, साहेबाच्या माणसाला पत्ता नाही. कुणीतरी सांगितलं, सगळ्यांना त्या भरावात घातलं, जिथून पुढे रूळ जाणार तिथे. नेमकं कुठे, ते कुणालाच सांगता येईना. मोठ्याने लोखंड उतरवलं आणि रिकामी गाडी घरी आणली. गवतात वहाणा तशाच होत्या, एकदाही न घातलेल्या.

त्या दोघांच्या आईने त्या उंबऱ्याजवळ ठेवल्या. आत्याच्या शब्दांत सांगते. "ती माउली बोल्ली, माझा पोर तिथं उघड्या पायाचा पडलाय. त्याच्या अंगावरनं कोन वहाना घालून जायाचा नाय." मी विचारलं, आणि रेल्वेत बसू नका असं? आत्या म्हणाली, "अगो नाय. उलट बोल्ली, जावा. तो तिथं एकटा हाय." बाबा, ती म्हातारी, जा म्हणाली होती. आत्या स्वतः कितीदा गेलीय आळंदीला, कर्जत आलं की चपला काढून पिशवीत, लोणावळ्याला परत पायात. बस, एवढंच. मी म्हटलं, मग माझ्या बापाला का नाही सांगितलंस? आत्याने चष्मा काढला, डॉक्टरने काढायचा नाही सांगितलंय तरी काढला. म्हणाली, "तुझा बापूस गाडीत बसत नव्हता? मला वाटला, ट्रकवाला हाय, त्याला ट्रकच बरा वाटतो." घरातल्या बायका पोरींना सांगत राहिल्या आणि पुरुष पोरांना, आणि दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. तुझी आई तू पाळण्यात असतानाच गेली. सांगणारं कोण होतं तुला? तुझ्यापर्यंत आली ती नुसती चीड.

शेजारणीला आत्याजवळ बसवून मी स्टेशन गाठलं. कर्जतला गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावतात, त्याचा धक्का बसतो. तो बसला आणि मी चपला काढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्या, मांडीवर घेतल्या. पाय फरशीवर टेकवले. खालून गाडीची थरथर सरळ टाचेत येत होती. मला वाटलं होतं मी त्या धाकट्याचा विचार करीन, आणि केलाही. पहिल्या बोगद्यात हात जोडले, मग कळेना कुठल्या बोगद्याजवळ तो आहे, म्हणून प्रत्येक बोगद्यात जोडत गेले. पण सगळा वेळ डोळ्यांसमोर तूच. खाली दरीपलीकडे जुन्या रस्त्याची वळणं दिसत होती, ट्रक मुंग्यांसारखे उभे. त्याच घाटातून तू डबा घेऊन चढलास. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, कुणी बघतंय याची लाजही वाटली नाही. नुसत्या चपला काढायच्या होत्या रे. कर्जतला काढायच्या, लोणावळ्याला घालायच्या. तू रात्रीच पोचला असतास. तुझ्या बोटाला त्याने धरलं असतं, तेवढा जीव होता त्याच्यात. आणि तू अनवाणी आलासच की शेवटी, सगळा घाट अनवाणी चढून, एका दिवसाने उशिरा.

मुलगी झाली. लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण डॉक्टर म्हणतात चांगली आहे, आणि आवाज तुझ्यासारखा आहे, सगळा वॉर्ड उठवते. मी वेळेत पोचले. पोरीचा हात माझ्या हातात होता. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, आई, तू तर कधी बसत नाहीस रेल्वेत. मी तिला दोन भावांची गोष्ट सांगितली, सगळी, आणि बाळाच्या बापालाही शेजारी बसवून ऐकवली. आता ती दोघांकडून जाईल पुढे.

माझा राग गेला का, असं तू विचारणार. पूर्ण नाही गेला, बाबा. तू विचारायला हवं होतंस कुणालातरी, नियम का आहे ते. पण इतकी वर्षं मला वाटत होतं की तू बैलांना माझ्यावर ठेवलंस. ते तेवढं गेलं. ते फार मोठं होतं. हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून ते त्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवते, पुढच्या वेळी घाटात लागणारच आहे ती.

एक राहिलं. डब्यात समोरच्या बाईने विचारलं, ताई, चपला का काढल्या? मी म्हटलं, पाय सुजलेत हो. एवढी मोठी गोष्ट होती माझ्याकडे आणि मला ती अनोळखी बाईला सांगता आली नाही. तेव्हा वॉर्डातल्या भिंतीला लागून उभा असलेला तू आठवलास. आणि लोणावळा आलं, मी इथे उतरणार असं वाटून बाईने आपणहून आठवण करून दिली, पण मी चपला घातल्या नाहीत. लोणावळ्यापर्यंत अनवाणी बसले ती त्या धाकट्या भावासाठी. तिथून पुण्यापर्यंत तुझ्यासाठी.